एकाहत्तराव्या मिनिटाचा गोल

९ मे, शुक्रवार

ओजसला हार्नले टाउन फुटबॉल क्लबने सोडलं. त्याचा फोन यायच्या आधीच क्लबच्या वेबसाइटवर यादी लागली होती. जाणाऱ्या खेळाडूंची आठ नावं, त्यात पाचवं आमच्या मुलाचं, आणि खाली सगळ्यांना मिळून एका ओळीत शुभेच्छा. चुकून आलं असेल म्हणून मी यादी दोनदा वाचली. मग त्याचा फोन आला. "बाबा, पाहिलंत?" मी हो म्हटलं. कांताने माझ्या हातून फोन घेतला आणि एवढंच विचारलं, घरी कधी येतोस.

एप्रिलमध्ये रिटायर झालो तेव्हा ऑफिसातल्यांनी ही वही दिली. इथे मिनिआपोलिसला मेडिकल उपकरणांच्या कंपनीत सत्तावीस वर्षं क्वालिटी विभागात काढली. काय बिघडलं, केव्हा, कशामुळे, हे रोज लिहायची सवय होती. गेला महिनाभर लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे.

१० मे, शनिवार

बसून त्याचा पूर्ण हिशेब काढला. अकरा वर्षं, आठ क्लब, ३१२ सामने, ५८ गोल. ३१२ पैकी निम्म्याहून जास्त सामन्यांत तो शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांसाठी आत गेला. इंग्लंडच्या तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनमधल्या स्ट्रायकरचं आयुष्य असंच असतं. एक क्लब घेतो, दुसऱ्याला लोनवर म्हणजे उसना देतो, तिथला मॅनेजर बदलतो, नवीन मॅनेजरला आपला माणूस हवा असतो. क्रॉसवेल क्लबमध्ये त्याने एका सीझनमध्ये तेरा गोल केले. पुढच्या सीझनला मॅनेजरची नोकरी गेली आणि ओजस जानेवारीपासून बाकावर.

कांताचा जन्म इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनचा. तिचे वडील तिथे फाउंड्रीत होते. ती आठ वर्षांची असताना मंडळी नागपूरला परत आली, पण त्यामुळे ओजसला ब्रिटिश पासपोर्ट मिळाला. अठराव्या वर्षी इंजिनिअरिंगची अॅडमिशन सोडून तो तिकडच्या सरला मावशीच्या माळ्यावरच्या खोलीत राहायला गेला. मी विमानतळावर गेलो नाही. कांताने एकटीने सोडलं त्याला. पुढची पाच वर्षं मी त्याची एकही मॅच बघितली नाही. हे आज लिहून ठेवतो, कारण कधीतरी लिहायला हवंच होतं.

नंतर मात्र एकही चुकवली नाही. मार्चमधला हार्नलेसाठीचा एकाहत्तराव्या मिनिटाचा गोल तर कितीदा पाहिला त्याला गणती नाही. दोन डिफेंडर अंगावर, आणि हा रस्त्याने चालल्यासारखा त्यांच्यामधून गेला आणि चेंडू कोपऱ्यात ठेवला. गोल झाल्यावर हातसुद्धा वर केले नाहीत, नुसता उभा राहिला. इतका शांत तो आधी कधी दिसला नव्हता. मला वाटलं, आता याला खेळ समजला. आणि नेमकं आत्ताच सोडतात.

१७ मे, शनिवार

ओजस आला. मिनिआपोलिसला विमान वेळेवर होतं. वाळलाय. टर्मिनलमध्ये गॉगल लावूनच बाहेर आला, गाडीतही काढला नाही. पार्किंगमधून बाहेर पडल्यावर लक्षात आलं की मोठी बॅग बेल्टवरच राहिली. परत गेलो. एवढा प्रवास झाल्यावर कोणाचंही डोकं ठिकाणावर राहत नाही.

घरी पोचल्यावर जेवला आणि चौदा तास झोपला. कांता दोनदा दार उघडून बघून आली.

२५ मे, रविवार

आज मित्राकडे, रवीकडे, बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता. दरवर्षीप्रमाणे वीकएंडला घेतला. चाळीस-पन्नास माणसं होती. त्रिशरण, पंचशील झालं, मग ज्येष्ठांची भाषणं. सगळ्यांना ओजसला भेटायचं होतं. रवीने विचारलं, "भाऊ, पुढचा क्लब कुठला?" मी म्हटलं, दोन-तीन ठिकाणी बोलणी चालू आहेत. बोलणी एकाही ठिकाणी चालू नाहीत. धम्माच्या कार्यक्रमात, पंचशील म्हणून अर्धा तासही झाला नसताना खोटं बोललो.

जेवणाच्या वेळी ओजस दिसेना. गाडीत सापडला, सीट मागे करून, डोळे मिटून. माइकचा आवाज सहन होत नाही म्हणाला. भरलेल्या स्टेडियममध्ये खेळणारा माणूस! मला राग आला. लोक त्याच्यासाठी थांबले होते. बहुतेक प्रश्न चुकवत असावा.

२ जून, सोमवार

त्याचा एजंट डीन फोनवर तासभर बोलला. ओजसने मलाही ऐकायला बसवलं, याचं बरं वाटलं. डीन म्हणाला, सगळे क्लब एकच विचारतात: मार्चनंतरच्या सामन्यांत हा हेडरला, चेंडू डोक्याने मारायला, का जात नाही? शेवटच्या आठ मॅचच्या क्लिप्स त्यांनी बघितल्यात. चेंडू हवेत आला की हा अर्धं पाऊल मागे घेतो.

खरं सांगायचं तर मलाही ते दिसलं होतं. सहा फूट दोन इंच उंचीचा स्ट्रायकर हेडर टाळणार असेल तर त्याला कोण घेणार? ओजस मान खाली घालून ऐकत होता. मी नंतर म्हटलं, "बिघाड कळलाय ना, मग दुरुस्त करता येईल. आपण दोघं मिळून करू." तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ओके, बाबा."

५ जून, गुरुवार

सकाळी साडेसहाला हायस्कूलच्या मैदानावर. मी बाजूने हाताने चेंडू टाकायचा, त्याने डोक्याने गोलमध्ये मारायचा. आज तीस. मी बासष्ट वर्षांचा, खांदा दुखतोय, पण कितीतरी वर्षांत इतकं छान वाटलं नव्हतं. विसाव्याच्या पुढे तो पोलला धरून थांबला आणि उलटी केली. उठल्या उठल्या दोन अंडी खाल्ली होती. उद्यापासून आधी फक्त केळं.

९ जून, सोमवार

तीस. उलटी नाही. केळ्याचा उपाय लागू पडला.

१९ जून, गुरुवार

आता चाळीसवर आलो. चेंडूंचा आकडा रोज लॅपटॉपवर भरतो. चाळीसपैकी सव्वीस गोलमध्ये, दोन आठवड्यांपूर्वी हेच प्रमाण निम्म्यावर होतं. मागे पाऊल घेणं जवळपास बंद झालंय. तो दातावर दात दाबून येतो, पण येतो. एक व्हिडिओ डीनला पाठवला.

परतताना गाडीत त्याने विचारलं, सरला मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? झालं म्हटलं, एप्रिलमध्ये. सिग्नलला पुन्हा तेच. घराच्या गल्लीत वळताना तिसऱ्यांदा. मी जरा चिडूनच बोललो की, फोनमधून डोकं बाहेर काढ. नंतर आठवलं, फोन तर त्याच्या हातात नव्हता. माझ्याच हातात होता.

२९ जून, रविवार

कांता हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे, तिला गोळ्यांची सवय आहे आणि संशयाचीही. तिने त्याच्या बाथरूममधल्या डोकेदुखीच्या रिकाम्या बाटल्या माझ्यासमोर ठेवल्या. सहा आठवड्यांत तीन. मी म्हटलं, खेळाडूंचं अंग दुखतंच. ती म्हणाली, "अंग नाही, डोकं. तुम्ही त्याला रोज जवळून बघता ना?" मी म्हटलं, तुझ्यापेक्षा जास्त जवळून. ती बाटल्या घेऊन गेली.

माझ्या मनात कुठेतरी टोचलं. पण डीनचा फोन कुठल्याही दिवशी येईल. आत्ता थांबणं बरोबर नाही.

११ जुलै, शुक्रवार

डीनचा फोन आला. स्कॉटलंडमधला लॉखवेन नावाचा क्लब, दुसरी डिव्हिजन, एका वर्षाचा करार. वीस तारखेला निघायचं, बावीसला मेडिकल, ती पास झाली की सही. डीनने सांगितलं की हेडरच्या व्हिडिओने काम केलं. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडलो. ओजसने मला मिठी मारली. तो हसत होता, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आनंदानेही माणसाचा चेहरा असा होतो.

कांताने अभिनंदन केलं नाही. तो वर गेल्यावर म्हणाली, "तो बरा नाहीये." मी म्हटलं, तुला तो कधीच परत जायला नको असतो. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या पाठीशी एकटी उभी राहिलेल्या बाईला मी हे म्हणालो. ती अंगणात जाऊन टोमॅटोंना पाणी घालत बसली. तासभर आत आली नाही.

१५ जुलै, मंगळवार

सगळं क्रमाने लिहायला हवं.

दुपारी दोन वाजता ओजस दही आणायला इंडियन स्टोअरमध्ये गेला. इथून दहा मिनिटांवर. याच गावात तो वाढला, सायकलवरून तिथे जायचा. पावणेतीनला त्याचा फोन आला. म्हणाला, "बाबा, घराकडे कुठून वळायचं?" मला वाटलं, रस्त्याचं काम चालू असेल. तसं विचारलंही. तो म्हणाला, नाही, काम नाही चालू. मग म्हणाला, "मला सापडत नाहीये."

मी कांताची गाडी घेऊन गेलो. तो स्टोअरच्या पार्किंगमध्येच होता. इंजिन चालू, दह्याचा डबा मांडीवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी शेजारी बसलो. मग तो बोलायला लागला. बोलला इंग्रजीत, मी माझ्या भाषेत लिहितोय.

पंधरा मार्चच्या सामन्यात कॉर्नरला उडी मारताना समोरच्या डिफेंडरचं डोकं त्याच्या डोक्यावर आदळलं. फिजिओ धावत आला. याने उठून अंगठा दाखवला. करार मे महिन्यात संपत होता, बाहेर गेला असता तर जागा गेली असती. त्यापुढचं त्याला काही आठवत नाही. ड्रेसिंगरूममध्ये लोक पाठ थोपटत होते तेव्हा त्याला कळलं की आपण गोल केला.

मी विचारलं, "कुठला गोल?"

"एकाहत्तराव्या मिनिटाचा. तुमचा फेव्हरिट."

मग एप्रिलमध्ये आणखी एकदा लागलं, पहिल्यापेक्षा हलकं, पण त्रास जास्त झाला. डोकं, उजेड, आवाज. शब्द सापडत नाहीत. मी विचारलं, क्लबमध्ये तपासणी नसते का? असते म्हणाला. सीझनच्या सुरुवातीला कॉम्प्युटरवर स्मरणशक्तीची टेस्ट घेतात. नंतर मार लागला की पुन्हा घेऊन दोन्हींची तुलना करतात. पहिल्याच क्लबमध्ये सीनिअर खेळाडूंनी त्याला शिकवलं होतं की सुरुवातीची टेस्ट मुद्दाम वाईट द्यायची. म्हणजे नंतर खरोखर वाईट झाली तरी फरक दिसत नाही. सत्तावीस वर्षं मी हेच पकडायचं काम केलं. मापच खोटं असेल तर कुठलंही उपकरण पास होतं.

मग मला मैदान आठवलं. लॅपटॉप उघडायची गरज नव्हती, आकडा पाठ आहे. पाच जूनपासून आज सकाळपर्यंत नऊशे चाळीस. प्रत्येक चेंडू माझ्या हातून गेलेला.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

त्याने दह्याचा डबा खाली ठेवला. "तुम्ही कधी मैदानावर आला नव्हतात, बाबा. यू वर सो हॅपी."

घरी येताना गाडी मी चालवली. कांताची गाडी अजून तिथेच उभी आहे.

१६ जुलै, बुधवार

सकाळी त्याने मला खाली बेसमेंटमध्ये बोलावलं. एकच वर्ष, म्हणाला. लॉखवेनला जुनी टेस्ट नाही, ते नव्याने घेतील, तेव्हा जमेल तेवढी देईन, तीच सुरुवात धरतील. वर्षाने स्वतःहून थांबेन. आईला सांगू नका. त्याचं सगळं ठरलेलं होतं. एकोणतीस वर्षांचा माणूस, त्याचं डोकं, त्याचा करार. मी कोण सांगणारा? अकरा वर्षांपूर्वी नको म्हटलं होतं, तेव्हा चूक ठरलो. या वेळी पुन्हा नको म्हटलं तर तो परत येईल का? आणि हो म्हटलं तर कसा परत येईल?

दुपारपर्यंत मी घरातल्या घरात फिरत राहिलो. मग कांताच्या हॉस्पिटलमध्ये गेलो, कॅफेटेरियात तिला समोर बसवून सगळं सांगितलं. चेंडूंचा आकडासुद्धा. मला वाटलं, ती उठून जाईल. तिने फोन उघडून दाखवला. न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट, बावीस जुलै. तिने ती २९ जूनलाच घेतली होती, बाटल्या माझ्यासमोर ठेवल्या त्याच दिवशी. त्याला कसं न्यायचं एवढंच तिला सुचत नव्हतं.

संध्याकाळी दोघांनी त्याला सांगितलं. तो माझ्यावर चिडला. कांताकडे त्याने पाहिलंच नाही.

"तुम्हालाच हवं होतं हे."

"हो," मी म्हटलं. "मला हवं होतं. आता नको आहे. तू गेलास तर लॉखवेनच्या डॉक्टरला मी स्वतः फोन करेन."

तो वर गेला. दार आपटलं नाही, हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१८ जुलै, शुक्रवार

दोन दिवस बोलत नाही. जेवतो, ताट धुतो, वर जातो. आज पहाटे उठून पळायला गेला आणि दीड तास आला नाही. मी गाडी घेऊन स्टेरिंग लेक तळ्याभोवती दोन चकरा मारल्या. घरी आलो तर तो पायरीवर बूट काढत होता. वर त्याची बॅग भरलेली दिसली. पासपोर्ट वरच्या खणात.

मी खरंच फोन करेन का? नंबर काढून ठेवलाय. तीनदा पाहिला. केला तर मुलगा जातो, नाही केला तरी जातो.

१९ जुलै, शनिवार

सकाळी चहा करत होतो, ओजस खाली आला आणि टेबलाशी बसला. म्हणाला, बसा बाबा. कांताही आली. त्याने लॉखवेनच्या मॅनेजरला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तिकडे दुपार होती, मागे कुठे कुत्रा भुंकत होता. मॅनेजर आनंदाने बोलत होता, परवा विमानतळावर माणूस पाठवतो वगैरे. ओजसने त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाला, मी तुमच्या मेडिकलमध्ये पास होऊ शकत नाही. मार्चपासूनच होऊ शकत नव्हतो.

मग मॅनेजरने मार्चमध्ये काय झालं ते विचारलं. ओजसने सांगितलं. खोट्या टेस्टचंही. सांगताना एका ठिकाणी त्याला शब्द सापडेना, तोंड उघडं राहिलं. कांताचा हात टेबलावरून पुढे सरकला आणि थांबला. तिने शब्द पुरवला नाही. तो त्याने स्वतःच शोधला. मॅनेजर शेवटी म्हणाला की बारा वर्षांत हा फोन मला कोणी केलेला नाही, आणि माझ्या पोरांपैकी किती जणांनी करायला हवा होता देव जाणे.

फोन ठेवल्यावर ओजस मागच्या अंगणात जाऊन गवतावर पडला. मी बराच वेळ दारात उभा राहिलो. मग जाऊन शेजारी बसलो. गवत ओलं होतं. डोळे न उघडता तो म्हणाला, "आता मी कोण, बाबा?"

मला माहीत नाही, असं सांगितलं. तो उठून गेला नाही.

२२ जुलै, मंगळवार

लॉखवेनला जी मेडिकल व्हायची होती, त्याच दिवशी ही झाली. चार तास. डॉक्टर मध्यमवयीन बाई, घाई नाही. शब्दांची यादी, आकडे उलटे म्हणणं, डोळे, तोल, स्कॅन. आम्हाला नंतर आत बोलावलं. म्हणाल्या, पहिली दुखापत भरून यायच्या आधी दुसरी झाली, आणि त्यावर महिनाभर ठोके बसत राहिले. मी सांगितलं की ते ठोके मी दिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, आता थांबलेत ना, आज त्याचाच उपयोग आहे.

चेंडू कायमचा बंद. गाडी तूर्त बंद. बरंचसं भरून येईल असं त्यांना वाटतं, पण किती आणि केव्हा ते सांगता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा सगळ्या तपासण्या. मी तो बरा होण्याची तारीख विचारली, त्या म्हणाल्या, तारीख नाही. मला तारखेशिवाय राहता येत नाही.

२८ जुलै, सोमवार

ओजसने खेळ थांबवल्याचं जाहीर केलं. त्याच्या पेजवर सहा ओळी, कारणासकट. डीनला कारण नको होतं, नुसतं वैयक्तिक निर्णय लिही म्हणाला. याने ऐकलं नाही. प्रतिक्रिया खूप आल्या. हार्नलेकडून अजून काही नाही. रवीने फोन करून जय भीम म्हटलं.

आज त्याने सरला मावशीच्या गुडघ्याबद्दल दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा नीट सांगितलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी तीनच्या सुमाराला त्याचा फोन वाजला. कॅलम, हार्नलेचा गोलकीपर, तेहतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप. मला वाटलं, ख्यालीखुशाली विचारायला केला असेल. पण ओजसच्या चेहऱ्यावरून कळलं की तसं नाही. तो डेकवर गेला, दार अर्धवट उघडं राहिलं. मी ओट्याशी मेथी निवडत होतो. ऐकायला नको होतं, पण ऐकलं.

कॅलम काय म्हणत होता ते कळत नव्हतं. ओजस फार कमी बोलत होता. उजेडाचा त्रास होतो का, विचारलं. मुलांची नावं चुकतात का, विचारलं. मग म्हणाला, शनिवारच्या मॅचपर्यंत थांबू नकोस, आजच बायकोला सांग, ती शेजारच्या खोलीत आहे ना, जा, मी फोन ठेवत नाही.

तासाहून जास्त झाला. कांता कामावरून आली, तिला मी खुणेने गप्प बसायला सांगितलं. मध्ये एकदा ओजस बोलता बोलता थांबला, हात हवेत, एखादा शब्द शोधत असल्यासारखा. मी इकडे मेथीची काडी हातात धरून उभा होतो. पलीकडे कॅलमही त्याच्यासाठी थांबला असावा, कारण थोड्या वेळाने तो शब्द सापडला आणि ओजस पुन्हा बोलायला लागला.